काठी, माशी आणि गोष्ट

फ्लाय फिशिंगवरच्या, म्हणजे नकली माशी लावून मासे पकडण्यावरच्या कथा पुष्कळ जण दहा पानांत सोडून देतात. माणूस नदीत उभा, काठी मागेपुढे हलवतोय, आणि लेखकाने त्यावर अख्खं पान खर्ची घातलंय! त्या हालचालीत काय बिघडू शकतं हे माहीत नसेल तर कंटाळा येणारच.

साध्या गळाला वजन बांधलेलं असतं. ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे उलटं आहे. गळावर पिसं, केस नि दोरा गुंडाळून केलेली ‘माशी’ जवळपास बिनवजनाची, म्हणून वजन दोरीतच असतं. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच काठी पुढे आणायची. घाई केली तर चाबकासारखा फटकारा बसून माशी तुटते. उशीर केला तर दोरी खाली येऊन झुडपात अडकते. माशी पाण्यावर अलगद उतरली तरी सुटका नाही. मधला जोराचा प्रवाह दोरी ओढतो, माशी रेघ काढत घसरते, आणि ट्राउट मासा तोंड फिरवतो. वाहत येणारा खरा किडा असा घसरत नाही.

एवढं कळलं की हेमिंग्वेच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’पासून (१९२५) सुरुवात करावी. कथेचा नायक निक पहाटे दवाने गारठलेले नाकतोडे गोळा करतो, कारण ऊन चढल्यावर ते हाती लागत नाहीत. लहान मासा सोडताना आधी हात ओला करतो; कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. काठी फ्लायची, आमिष मात्र जिवंत, म्हणून सोवळे फ्लायवाले नाक मुरडतील. मुरडू देत. निक युद्धावरून परतलाय; युद्धाचा उल्लेख कथेत कुठेच नाही, तरी प्रत्येक कृती इतकी जपून का होते, ते वाचता वाचता उमगतं.

मग नॉर्मन मॅक्लीन यांची ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६). शिकागो विद्यापीठातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकाचं, वयाच्या ७३व्या वर्षी आलेलं पुस्तक. त्यातले पाद्री वडील मुलांना मेट्रोनोमच्या (संगीतात ताल देणाऱ्या यंत्राच्या) चार ठोक्यांवर, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्ये काठी चालवायला शिकवतात. पाण्यात इतका अचूक असलेला धाकटा भाऊ काठावर आला की कुणाच्याच हाती लागत नाही; सगळी कथा या एका पेचावर उभी आहे. मासेमारीची पानं गाळून वाचलीत तर तो पेचच दिसणार नाही.

डेव्हिड जेम्स डंकन यांची ‘द रिव्हर व्हाय’ (१९८३) लांबट आहे, पण बाप कट्टर फ्लायवाला आणि आई गांडूळवाली, यावरून घरात पेटणारी भांडणं धमाल आहेत.

फ्लाय फिशिंगवर लिहिणारे इंग्रज लेखक स्क्यूज यांची कास्टवेलची छोटी गोष्ट शेवटी ठेवा. मेलेल्या मासेमाराला सुंदर नदी मिळते आणि प्रत्येक फेकीला मासा लागतो, तोही दर वेळी तेवढाच मोठा. आपण नेमके कुठे आलो आहोत, हे त्याला जरा उशिरा कळतं.