तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही संतांकडे काय मागतो?

"तुम्ही एकच देव मानता ना? मग चर्चमध्ये एवढे पुतळे कशाला? आणि देव ऐकतोय तर संतांना मध्ये कशाला घालता?" मी कॅथलिक आहे हे कळलं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं.

धर्मगुरूपदाची दीक्षा होते तेव्हा संतांची लितानी, म्हणजे एकेकाचं नाव घेत म्हणायची प्रार्थना, गायली जाते. दीक्षार्थी वेदीसमोर जमिनीवर पालथा पडलेला असतो आणि एकामागून एक नावं येत राहतात. सुरुवात प्रभूपासून. त्याला आम्ही म्हणतो, 'दया कर'. मग मारिया, योसेफ, पेत्र, पौल अशी नावं लागतात आणि प्रतिसाद बदलतो: 'आमच्यासाठी विनंती कर'. संत संपून पुन्हा प्रभूकडे वळलो की शब्द परत बदलतात: 'प्रभो, आम्हांला सोडव'. लहानपणापासून हे इतकं कानात बसलंय की 'माझ्या पापांची क्षमा कर' असं एखाद्या संताला म्हणायला माझी जीभ वळणार नाही. आराधना फक्त देवाची, संतांना सन्मान, हा भेद मी पुस्तकात फार उशिरा वाचला.

तरी लोक म्हणतात, बायबलमध्ये मध्यस्थ एकच सांगितलाय, ख्रिस्त. खरं आहे, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे आणि आम्ही ते मानतो. पण त्याच अध्यायाची सुरुवात बघा: सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना करा. आजारपणात आपण मित्राला म्हणतोच ना, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून? त्यानं ख्रिस्ताची जागा घेतली असं कुणाला वाटत नाही. मेल्यावर हे नातं तुटतं असं आम्ही मानत नाही, इतकंच. मराठीत 'प्रार्थना' म्हणजे कळकळीची विनंतीसुद्धा. संतांच्या बाबतीत तोच अर्थ धरा.

मूर्तींचं भांडण जुनं आहे. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राट तिसऱ्या लिओनं पवित्र चित्रांविरुद्ध मोहीम काढली. दमास्कसचा योहान या ख्रिस्ती संन्याशानं त्याला उत्तर दिलं की देव ख्रिस्तात माणूस झाला, दिसू लागला, म्हणून त्याचं चित्र काढता येतं. मला हे उत्तर अजूनही सगळ्यांत पटतं. पुढे 787 साली निकियाच्या दुसऱ्या महासभेनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, ठरवलं की चित्राला दिलेला मान ज्याचं चित्र आहे त्याच्याकडे जातो. तिच्या निर्णयाचं लॅटिन भाषांतर मात्र सदोष झालं. चित्रांना द्यायच्या आदराला ग्रीकमध्ये जो शब्द होता, त्याच्या जागी आराधनेचाही अर्थ निघेल असा शब्द पडला आणि पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारातले विद्वान खवळले. आजचे पुष्कळ गैरसमज मला त्याच जातीचे वाटतात. 1563 मध्ये ट्रेंटच्या महासभेनं आणखी स्पष्ट सांगितलं: मूर्तीत काही दैवी शक्ती आहे असं मानायचं नाही, तिच्याकडे काही मागायचं नाही, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

आमच्यात कुणी चुकतच नाही असं मी म्हणणार नाही. बायबलमधल्या मोशे या संदेष्ट्यानं देवाच्याच आज्ञेवरून पितळेचा साप केला होता. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. बरोबर केलं. अमुक मूर्तीच पावते, तमुक नाही, असं एखाद्या कॅथलिकाच्या तोंडून ऐकलं की मला तो साप आठवतो आणि वाईट वाटतं. चर्चमध्ये मूर्ती मर्यादित असाव्यात, लोकांचा गोंधळ होऊ नये, असं ख्रिस्तसभेच्या कायद्यातही लिहिलेलं आहे.

आईच्या उशाशी मारियेचं एक छोटं चित्र असायचं, कडा झिजलेल्या. शेवटच्या महिन्यांत तिला दिसत नव्हतं. तरी ती चाचपडून ते हातात घ्यायची आणि पुटपुटायची, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. चित्र कधीकधी उलटंच धरलेलं असायचं. मी ते सरळ करायला जात नसे, तिच्यासोबत पुढचे शब्द म्हणत असे.