चित्रातलं बंदर आणि खिडकीतलं बंदर

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सेंट ट्रोपेला रेल्वे जात नाही. सेंट राफाएलला गाडीतून उतरून बसने सेंट मॅक्सिम गाठलं आणि तिथून फेरीबोटीने आखात ओलांडलं. हिला गल्ल्या आणि दुकानं बघायची होती, मला एक चित्र.

ते चित्र काढणारा फ्रेंच चित्रकार पॉल सिन्याकही इथे पाण्यावरूनच आला, १८९२ साली, स्वतःच्या 'ऑलिम्पिया' नावाच्या शिडाच्या होडीतून. आदल्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र जॉर्ज सरा अवघ्या ३१व्या वर्षी गेला होता. रंग पॅलेटवर न कालवता सुटे सुटे शेजारी लावायचे, ही त्या दोघांची पद्धत आता यालाच पुढे न्यायची होती. गाव तेव्हा कोळ्यांचं होतं. आता धक्क्याला तीनमजली यॉट लागतात, त्यांच्या आड निम्मं बंदर दिसत नाही.

लानोन्सियाद म्युझियम धक्क्यालगतच, एका जुन्या चॅपलमध्ये आहे. १९५५ साली सुरू झालं. १९६१ मध्ये इथून तब्बल ५७ चित्रं चोरीला गेली होती. पुढच्या वर्षी सापडली. मला बघायचं होतं ते सिन्याकचं चित्र १८९९चं, 'सेंट ट्रोपे, धक्का'. होड्या, शिडं आणि पाण्यात त्यांची मोडकी प्रतिबिंबं.

"ठिपक्यांची रांगोळी!" ही म्हणाली. पण रांगोळीत ठिपके रेषेसाठी असतात, जोडले की त्यांचं काम संपलं. इथे रेष कुठेच नाही. शीड संपतं कुठे आणि आकाश सुरू होतं कुठे, हे फक्त रंग बदलला म्हणून कळतं. काळा तर शोधूनही सापडेना. सावली निळी-जांभळी, आणि तिला खेटून नारिंगी.

यामागे शव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचं खातं त्याच्याकडे होतं. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं, तर धाग्यात खोट नव्हती, शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. हा शेजारधर्माचा नियम त्याने १८३९ साली मांडला.

दुरून हे ठिपके डोळ्यात मिसळून एक रंग होतो, असं वाचलं होतं. मला तरी तसं झालं नाही. मी मागे मागे सरकत भिंतीला टेकलो, तरी ते वेगळेच राहिले आणि थरथरत राहिले. दुपारचं पाणी असंच तर दिसतं. मग नाक टेकेल इतका पुढे गेलो, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या बाई खाकरल्या. वळलो तर खिडकीत तेच बंदर. यॉट पांढऱ्या, त्यामुळे पाणीही पांढुरकं.

बाहेर धक्क्यावर सफ्रेनचा पुतळा आहे. १७८२ साली हैदर अलीला भेटलेला आणि आपल्याकडच्या समुद्रात इंग्रजांशी लढलेला हा फ्रेंच दर्यासारंग. मी हिला ते सांगत त्याच्या काळ्या सावलीत उभा राहिलो.

"काळी कुठंय?" आईस्क्रीम खाता खाता ही खाली बघत म्हणाली. "जांभळी आहे की."