तुझ्या भल्यासाठीच सांगतोय

ध्यान करतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, विचार थांबतात का? नाही थांबत, आणि सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेच्या ध्यानावरच्या बुद्धांच्या प्रवचनात, विचार थांबवा असं सांगितलेलंही नाहीये. चित्तात द्वेष असेल तर द्वेष आहे हे कळलं पाहिजे, नसेल तर नाही हे कळलं पाहिजे, एवढं साधं. साधं म्हणजे ऐकायला.

प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे दुःख कशातून कसं तयार होतं ही बुद्धांनी सांगितलेली साखळी, तिच्या 12 कड्यांमध्ये वेदनेनंतर (इथे वेदना म्हणजे फक्त दुखणं नाही, कुठलीही सुखद-दुःखद जाणीव) तृष्णा येते आणि तृष्णेनंतर उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणं. मेसेज वाचलाय, निळ्या टिक दिसतायत, रिप्लाय नाही, छातीत जरा आवळल्यासारखं होतं, ही झाली वेदना. तिथून "मला मुद्दाम टाळतोय" पर्यंत आपण इतक्या झटकन पोचतो की मधे काही घडलं हेच कळत नाही. ध्यानात बसून गुडघा दुखतोय आणि तरी हलायचं नाही हा जो प्रकार असतो ना, तो त्याच मधल्या जागेचा सराव आहे.

उपादान चार प्रकारचं सांगितलंय. सुखाचं, मतांचं, व्रत-कर्मकांडांचं आणि "मी"चं. सुखाचं लगेच दिसतं, मतांचं दिसतच नाही कारण ते आपल्याला सत्यच वाटत असतं (फॅमिली ग्रुपवर कुणाशीही वाद घालून बघा). आणि तिसरं तर ध्यान करणाऱ्यांचं खास, सकाळची बैठक हुकली की दिवसभर घरच्यांवर खेकसायचं.

पण मला सगळ्यात आवडतं ते बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी 5व्या शतकात विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या ग्रंथात लिहिलेलं. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, समतोल मन), या प्रत्येकीचा एक लांबचा शत्रू आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरपणा, तो ओळखू येतो. जवळचा म्हणजे शोक, आणि तो करुणेसारखाच दिसतो. घरात कुणी आजारी पडलं की आपण इतके हवालदिल होतो की शेवटी त्या आजारी माणसालाच आपल्याला धीर द्यायची वेळ येते! मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती, म्हणजे मुलाने कुठलं करिअर निवडावं यावर "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय" म्हणत तासभर लेक्चर देणं, ज्यात भलं किती मुलाचं आणि किती स्वतःच्या भीतीचं हे बोलणाऱ्यालाही माहीत नसतं. उपेक्षेचा जवळचा शत्रू बेफिकिरी, "मी अलिप्त आहे" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांकडे तीच असते असं माझं मत (हे पण मतांचं उपादानच, असो).

म्हणूनच विसुद्धिमग्गात मैत्रीभावना, म्हणजे मनात भलं चिंतण्याचं ध्यान, स्वतःपासून सुरू करायला सांगितलीय आणि फार लाडक्या माणसापासून सुरू करू नका असं बजावलंय, कारण त्याला जरा काही झालं तरी रडूच येईल. मग आदरणीय व्यक्ती, मित्र, मग ज्याच्याशी आपलं काही घेणंदेणं नाही असा माणूस, आणि वैरी अगदी शेवटी. मी हल्ली त्या घेणंदेणं नसलेल्यावरच जास्त वेळ घालवतो, लिफ्टमध्ये रोज दिसणारा, नाव माहीत नसलेला कुणीतरी. त्याचं भलं होवो म्हणताना त्याच्याकडून काहीच नको असतं.