करमळीच्या तळ्यावर तिसरी मोजणी

आशियाई पाणपक्षी गणनेतली ही माझी तिसरी खेप. दर जानेवारीत होणारी ही गणना भारतीय उपखंडात 1987 पासून चालू आहे. यंदाही वाट्याला गोव्यातल्या करमळीचं तळंच आलं. पहिल्या वर्षी मी पक्षी ओळखण्यात अडकले होते, गेल्या वर्षी मोजण्यात.

साताला बांधावर पोचलो, ऊन पाठीवर येईल अशी जागा धरली. पाणकावळे, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या लवकर उरकल्या. खरी परीक्षा अडयांची, म्हणजे शीळ घालणाऱ्या छोट्या बदकांची. रात्री चरून आलेल्या, दिवसा एकमेकींना खेटून बसलेल्या. एकेक मोजायला गेलं की नजर चुकतेच. म्हणून दहा मोजायच्या, त्यांनी अडवलेली जागा डोळ्यांत धरायची आणि तेवढा तुकडा थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. गेल्या वर्षी मी या दहा विरळ कडेच्या घेतल्या. मधली दाटी त्याच मापानं मोजली, आकडा 260 आला आणि घरी फोटोवर टिंबं देत गेले तर चारशेच्या वर! फार लागलं होतं ते मनाला. यंदा कडेचं माप वेगळं, मधलं वेगळं.

अर्ध्यावर असताना दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, आला. सगळा थवा शिट्ट्या घालत उठला, बसताना पलीकडच्या अडया त्यात मिसळल्या. जुना आकडा खोडला, पहिल्यापासून मोजलं. माझे 310, सोबतच्या काकांचे 325, फोटोत 341. लव्हाळ्याआड बसलेल्या दोघांनाही दिसल्या नव्हत्या.

भुवई बदकांचे नर जानेवारीत बरेचदा अजून माद्यांसारखेच तपकिरी असतात. लांबवर झोपलेली, चोच पाठीत खुपसलेली 14 बदकं मी ‘अनोळखी बदक’ म्हणूनच नोंदवली. दोन वर्षांपूर्वी अंदाजानं नाव ठोकून दिलं असतं. तलवार बदकं मात्र मान आणि शेपटीमुळे झोपेतही बहुतेक कळतात. हळदी-कुंकू बदक एकही दिसलं नाही.

नवीन येणाऱ्यांना एकच सांगते, मोजणारा आणि लिहिणारा वेगळा ठेवा. वहीत डोकं घातलं की थव्यातली जागा हरवते.

पुढच्या रविवारी कुडचड्याचं नंदा तळं, 2022 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं, गोव्यातलं पहिलं. दुर्बीण आहे, मोजणारे दोघे आहेत, लिहायला एक जण हवा.