८० ची थरथर: अखेर उजव्या पुढच्या हबवर सापडली

काल संध्याकाळी कसाल ते कुडाळ दोन फेऱ्या मारल्या. जीपीएसवर ८०, हात जवळजवळ सोडलेले, आणि स्टीअरिंग शांत. माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला नवी अलॉय चाकं घातल्यापासून ८० च्या आसपास स्टीअरिंग थरथरायचं; ते शांत राहिलं असं पहिल्यांदा घडलं. ओरोसच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

मागच्या वेळी, हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि चाकाचं मधलं भोक यांतली फट भरणारी रिंग हेच उत्तर असं मी लिहिलं होतं. ते अर्धंच निघालं. व्ही-क्रॉसच्या हबचा मधला गोल कॉलर १००.१ मिलिमीटर, नव्या अलॉयचं भोक १०६.१, म्हणजे चहूबाजूंनी तीन-तीन मिलिमीटर मोकळं. बॅलन्सिंग मशीन चाकाला त्या भोकात कोन घालून धरतं, गाडी धरते सहा नटांवर. म्हणून मशीनवर तीनदा शून्य आलं तरी रस्त्यावर थरथर होतीच. कुडाळ एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी ॲल्युमिनियमच्या चार रिंग करून दिल्या, त्या इतक्या नेमक्या बसल्या की हाताने दाबून शेवटचा अर्धा मिलिमीटर आत गेला. प्लास्टिकच्या तयार रिंग मला पटत नाहीत. फोंडा घाट उतरताना पुढचे ब्रेक किती तापतात ते ज्याने हात लावून पाहिलंय तो त्या घेणार नाही. ॲल्युमिनियमला आपल्या खाऱ्या हवेत लोखंडाला चिकटून बसायची खोड आहे, पण ग्रीसचा पातळ हात दिला की भागतं.

रिंग घातल्यावर थरथर निम्मी झाली. ७५ ते ८५ मध्ये मात्र स्टीअरिंग हलतच राहिलं. न्यूट्रलला टाकूनही तेच, म्हणजे इंजिन सुटलं. मग जुनी चाकं चढवली आणि थरथर गायब! इथे मी फसलो. जुन्या चाकांवर गाडी गप्प म्हणजे दोष नव्या चाकांत, हे इतकं सरळ वाटलं की चाकं परत पाठवायला खोकीसुद्धा काढून ठेवली. विकणारा फोनवर म्हणे टायर बघा, टायरवाला म्हणे अलॉय बघा. रिंगचे पैसे द्यायला गेलो तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. ते लेथ न थांबवता म्हणाले, "अरे, चाकाक कित्याक नावां ठेवतंस? तां बसता खंय तां आधी बघ." आणि चाक किती डोलतं ते मोजायचा स्वतःचा डायल गेज, चुंबकी स्टँडसकट, माझ्या हातात दिला.

रविवारी पुढची बाजू उचलली. डावं चाक रिमच्या काठावर ०.३ मिलिमीटर डोलत होतं, उजवं ०.९५. अलॉय पाऊण मिलिमीटरच्या आत हवा. रिमवर सगळ्यात उंच जागी खडूची खूण केली, हबच्या स्टडना (नट ज्यांवर आवळतात त्या बोल्टना) एक ते सहा नंबर दिले, चाक काढलं आणि तीन स्टड फिरवून पुन्हा बसवलं. रिम वाकडं असतं तर उंचवटा खडूबरोबर पलीकडे गेला असता. खडू गेला. उंचवटा दोन नंबरच्या स्टडपाशीच राहिला! खात्रीसाठी तीनदा केलं. तिन्ही वेळा दोन नंबर.

चाक काढून हबच्या तोंडावरून नख फिरवलं. मधे गुळगुळीत, पण काठाजवळ नख अडलं. जुन्या चाकाची मागची बैठक, म्हणजे हबला टेकणारा भाग, लहान होती. तेवढंच वर्तुळ चकचकीत राहिलं आणि त्याच्या बाहेर गंज आणि लाल मातीची खपली चढत गेली. जुनं चाक तिला कधी टेकलंच नव्हतं. नव्याची बैठक रुंद, ती थेट खपलीवर. दोन नंबरपाशी चार बोटं रुंदीची जागा सगळ्यात जाड, साधारण ०.३ मिलिमीटर. हबच्या तोंडाच्या एका कडेला ०.३ म्हणजे १६ इंची रिमच्या काठावर ०.८, आणि माझ्या २६५/७० टायरच्या घेराशी दीड मिलिमीटर. सगळा हिशोब जुळला.

ड्रिलला वायर ब्रश लावून खपली सोडवली, मग लाकडी ठोकळ्यावर एमरी पेपर गुंडाळून हातानेच घासलं. इथे ग्राइंडर लावू नका, हबचं तोंडच खाल्लं जाईल. नंतर उजव्या चाकाचं डोलणं ०.२५ वर आलं. नट चाक हवेत असतानाच हाताने चढवले, समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळले, शेवट टॉर्क पान्ह्याने. पहिल्याच नटाला गनने पूर्ण आवळणाऱ्या दुकानात मी आता चाकं देणार नाही. चाक एका अंगाला ओढलं जातं आणि पुढचे पाच नट त्याला सरळ करू शकत नाहीत.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर चाचणी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. काँक्रीटचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, ८० ला सेकंदाला पाचेक ठोके. माझं चाक त्याच वेगाला सेकंदाला नऊच्या जरा वर फिरतं. सांध्यांच्या ठोक्यांनी मला पहिले दोन आठवडे चकवलं.

आता उरलंय ते ९५ च्या पुढे सीटखाली जाणवणारं. स्टीअरिंगमध्ये नाही, म्हणजे मागचं. प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची गती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) काढून कोल्हापूरला बॅलन्सिंगला न्यायचं ठरवलं होतं, पुढच्या आठवड्यात गाडी रिकामीही आहे.

पण हे लिहिताना सीटवर ठेवलेल्या फोनने टिपलेला थरथरीचा आलेख पुन्हा उघडला. ९५ ला टोक सेकंदाला ११ ठोक्यांच्या आसपास आहे, चाकही तेवढंच फिरतं. शाफ्ट चाकाच्या जवळपास चौपट फिरतो, त्याचं टोक ४० च्या वर दिसायला हवं, आणि तिथे काहीच नाही. हे चाकाचंच आहे. मागे तर चाकं ब्रेकच्या ड्रमवर टेकतात, ते ओतीव लोखंडाचे, आणि जेटीवरून मासळी आणि बर्फ आणताना खारं पाणी हौद्यातून नेमकं तिथेच ठिबकतं. मी मागची चाकं काढून पाहिलीच नाहीत!

कोल्हापूर रद्द. काकांना आत्ताच फोन करून डायल गेज अजून चार दिवस मागून घेतला. उद्या सकाळी मागची दोन्ही चाकं उतरवतो. ड्रम घासूनही काही राहिलंच तर टायरचा उंच भाग रिमच्या खोलगट भागासमोर येईल असा फिरवून घेणार, आणि त्या वेळी दुकानात स्वतः उभा राहणार. आकडे आले की टाकतो. ड्रमच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवून, मागून उजेड धरून तपासणी कुणी केली असेल तर जाड खपली साधारण कुठे मिळते ते कळवा, म्हणजे नख तिथून सुरू करतो.