ग्राफानासाठी पहिला पॅनल प्लगइन लिहिताना

ग्राफाना, म्हणजे डेटाचे आलेख डॅशबोर्डवर दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यात हवा तसा आलेख मिळत नाही, म्हणून प्लगइन (जोडता येणारा छोटा प्रोग्रॅम) लिहायला बसलात तर सुरुवात पॅनलपासूनच, म्हणजे डॅशबोर्डवरच्या एका आलेखाच्या चौकटीपासूनच करा. डेटा सोर्स (डेटा आणून देणारा) आणि ॲप हे प्लगइनचे दुसरे दोन प्रकार नंतरही करता येतील. पॅनल ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे टाइपस्क्रिप्ट आणि रिॲक्टवर काम भागतं. बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा भाग) जोडलं की गो भाषा आणि मेज हे बिल्डचं साधनही शिकावं लागतं.

इंटरनेटवरचे जुने धडे जपून वापरा. पूर्वी प्लगइन अँग्युलरजेएस या जुन्या फ्रेमवर्कवर लिहीत. ग्राफानाच्या २०२४ साली आलेल्या ११व्या आवृत्तीत ते आपोआप बंद झालं आणि १२व्या आवृत्तीत तर ते काढूनच टाकलं. त्यावर लिहिलेला कोड आता चालणार नाही.

मशीनवर नोड आणि डॉकर हवेत. नोडसोबत येणाऱ्या एनपीएक्स कमांडने ग्राफानाचं 'क्रिएट-प्लगइन' हे साधन चालवलं की ते प्रकार, प्लगइनचं नाव आणि संस्थेचं नाव विचारतं. उत्तरं घाईत देऊ नका, कारण त्यांतूनच प्लगइनचा आयडी बनतो. सेव्ह केलेले डॅशबोर्ड पॅनलला याच आयडीने ओळखतात. तो नंतर बदलला तर जुन्या डॅशबोर्डवर 'प्लगइन सापडला नाही' एवढंच दिसेल.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी एनपीएम इन्स्टॉल, मग 'एनपीएम रन डेव्ह', आणि बिल्ड केलेल्या फाइलींचं 'डिस्ट' फोल्डर तयार झाल्यावरच दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'डॉकर कंपोज अप'. लिनक्सवर डॉकर आधी सुरू केलं तर हे फोल्डर तोच बनवतो, त्याची मालकी रूटकडे जाते आणि मग बिल्ड परवानगीच्या एररवर अडतो. फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली की बिल्ड सुटतो. सगळं नीट झालं की लोकलहोस्टच्या ३००० पोर्टवर ग्राफाना उघडतं. कोडमधले बदल पान रिफ्रेश केल्यावर दिसतात, पण 'प्लगइन डॉट जेसन' बदलली तर ग्राफाना रीस्टार्ट करावं लागतं, कारण ती फाइल सर्व्हर सुरू होतानाच वाचतो.

चित्र काढणं त्या मानाने सोपं आहे. खरा वेळ जातो तो डेटा नीट वाचण्यात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. पॅनलच्या कंपोनंटला 'डेटा', 'विड्थ', 'हाइट', 'ऑप्शन्स' वगैरे प्रॉप्स (बाहेरून दिलेल्या किमती) मिळतात. 'डेटा'मधल्या 'सीरीज'मध्ये डेटा फ्रेम असतात: प्रत्येक फ्रेम म्हणजे एक तक्ता, त्यातलं प्रत्येक फील्ड म्हणजे एक रकाना. पहिला रकाना वेळेचाच असेल, असं गृहीत धरू नका. फील्डचा टाइप तपासून तो शोधा. फक्त पहिली फ्रेम वाचलीत तर वापरणाऱ्याने दुसरी क्वेरी जोडल्यावर तिचा डेटा गुपचूप गळतो. आणि फ्रेम शून्यही असू शकतात, त्याची सोय पहिल्या दिवशीच करा.

सगळ्यात घातक चूक 'नल'ची, म्हणजे नसलेल्या किमतीची. जावास्क्रिप्टमध्ये किमान किंमत काढणाऱ्या 'मॅथ डॉट मिन'ला नल दिलं तर ते शून्य समजलं जातं. समजा धरणाच्या पाणीपातळीचा सेन्सर दहा मिनिटं बंद होता. तुमचा पॅनल किमान पातळी शून्य दाखवेल, आणि पाहणारा त्यावर विश्वास ठेवेल. म्हणून हिशेबाआधी नल गाळा आणि आलेखात तिथे मोकळी जागा सोडा. टेस्टडेटा या ग्राफानातच असलेल्या डेटा सोर्समध्ये सीएसव्ही मजकूर चिकटवता येतो. त्यात मुद्दाम काही जागा रिकाम्या ठेवून हे तपासा. तिथलाच 'नो डेटा पॉइंट्स' हा पर्यायही निवडून पाहा.

आकडे छापताना एकक आणि दशांश स्वतः लिहू नका. फील्डचं 'डिस्प्ले' फंक्शन वापरलं की डॅशबोर्डवर निवडलेलं एकक, मग ते रुपये असो वा अंश सेल्सिअस, आपोआप लागतं. वेळेसाठी प्रॉप्समधला 'टाइमझोन' घ्या. रंग 'यूज थीम टू' मधून घ्या, नाहीतर गडद थीमवर काळी अक्षरं काळ्यात बुडतील.

विकासाच्या मोडमध्ये सही (डिजिटल सही) नसलेला प्लगइन चालतो, खऱ्या सर्व्हरवर मात्र ग्राफाना तो लोडच करत नाही. स्वतःच्या सर्व्हरपुरतं सेटिंगमध्ये त्या आयडीला सूट देता येते, पण खासगी सही करून घेणं जास्त चांगलं. सही करताना दिलेला रूट यूआरएल सर्व्हरच्या सेटिंगमधल्या यूआरएलशी तंतोतंत जुळला पाहिजे. सहीसोबतच्या मॅनिफेस्टमध्ये (फाइलींच्या यादीत) प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा असतो, त्यामुळे नंतर 'डिस्ट'मधलं एक अक्षर बदललं तरी पुन्हा सही करावी लागते.