दाव्यांवर हसून झालं, आता तळची ओळ वाचा : जुन्या औषधी जाहिरातींचा संग्रह, नवी भर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे लग्नसराई होती आणि मग उन्हाळा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी जुन्या कागदांना हात लावायची सोय नाही, घाम टपकतो थेट पानावर. पण जुन्या जाहिराती जमवायचं काम थांबलेलं नाही. नवी भर दोनच ठिकाणची आहे, एक म्हणजे नवी पेठेतल्या एका ओळखीच्या घरी माळ्यावरनं निघालेली पंचांगं आणि जुन्या मासिकांची चळत, आणि दुसरं वाचनालयातल्या फायलींचे मोबाईलवर काढलेले फोटो (फ्लॅश मारायचा नाही या अटीवर).

आपल्यातले बहुतेक जण या नादाला लागतात ते हसायला. एकच गोळी हगवणीवर, मूळव्याधीवर, विसराळूपणावर आणि वर परत मूल होण्यासाठीपण, कोण नाही हसणार. पण शंभरेक जाहिराती वाचल्या की दावे सगळे सारखेच वाटायला लागतात आणि मग डोळा खाली जातो, बारीक खिळ्यांत (म्हणजे टायपात) छापलेल्या तळच्या ओळीवर. किंमत अमुक आणे, ट. ख. (टपाल खर्च) निराळा, व्ही. पी. ने मागवा, एजंट पाहिजेत. माझं आता ठाम मत झालंय की खरी जाहिरात ती ओळ आहे, वरचं सगळं सजावट.

बघा की. व्ही. पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट आपल्याकडे सुरू झालं १८७७ मध्ये. त्याआधी परगावच्या अनोळखी वैद्याकडनं औषध मागवायचं म्हणजे आधी पैसे पाठवा आणि मग देवाचं नाव घेत बसा. व्ही. पी. आल्यावर पोस्टमन पार्सल दारात आणणार, पैसे तिथंच घेणार, विषय संपला. रेल्वे सोलापुरात १८६० लाच आलेली, आपली जुनी गिरणी पण १८७७ चीच. म्हणजे महिन्याचा पगार हातात येणारी माणसं, रेल्वे आणि व्ही. पी. हे तिन्ही इथं एकदम जमलं, औषधवाल्यांना अजून काय पायजे. आणि ज्या दुखण्यांबद्दल गल्लीतल्या वैद्याला विचारायची लाज, त्याच दुखण्यांच्या जाहिराती सगळ्यात जास्त, हे काय उगाच नाही, पार्सल बंद असतं ना. पोस्टमनला सगळं माहीत असणार म्हणा.

या खेळात जामनगरच्या वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजींचा हात कुणी धरू नये. त्यांच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या जाहिराती कितीतरी भाषांतल्या पेपरांत सापडतात आणि गोळ्यांपेक्षा जोर असतो फुकट पुस्तकावर, नुसतं नाव-पत्ता कळवा, पुस्तक घरपोच. आज दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागतात ना, तसलाच प्रकार हा. पत्ता एकदा हातात आला की गिऱ्हाईक झालंच म्हणून समजा.

विलायती मालात या वेळी दोन चांगले नमुने मिळाले. एक कॉलिस ब्राउन यांचं क्लोरोडाइन. हे डॉक्टर हिंदुस्थानातल्या फौजेत होते, औषध मूळ पटकीसाठी, म्हणजे कॉलऱ्यासाठी. पण त्याची जाहिरात वाचली तर औषधाबद्दल कमी आणि कोर्टाबद्दल जास्त! १८६४ च्या खटल्यात व्हाइस चान्सलर (म्हणजे तिथले न्यायाधीश) वुड यांनी ब्राउन हेच मूळ शोधक असं सांगितलं, आणि कंपनीनं ते वाक्य पुढं कैक वर्षं जाहिरातीत छापलं. नकली मालापासून सावध राहा हा आपल्याकडचा लाडका इशारा, त्याचा हा कोर्टाचा शिक्का असलेला अवतार. आत काय होतं तर अफूचा अंश, गांजाचा अर्क, क्लोरोफॉर्म. मग हगवण थांबणारच आणि खोकलापण बसणारच, त्यामुळं ‘सगळी भोंदूगिरी होती’ म्हणणाऱ्यांशी माझं काय जमत नाही. औषध चालायचं, सवय लावायचं आणि जास्त झालं तर जीवपण घ्यायचं, आणि बाटलीवर यातलं पहिलंच तेवढं ठळक.

दुसरा नमुना बीचमच्या गोळ्या. डबीची किंमत एक गिनी असायला पाहिजे असं ते स्वतःच छापायचे. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं असल्या गुप्त औषधांची तपासणी करून निकाल छापले, त्यात बीचमच्या गोळीत निघालं काय तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत साधारण अर्धा फार्दिंग आणि विक्री एक शिलिंग दीड पेनीला. मी हिशोब मांडला, फार्दिंग म्हणजे पाव पेनी, शिलिंग म्हणजे बारा पेनी, म्हणजे १०८ पट. जपमाळच झाली की पूर्ण. जाहिरातीचा खर्च त्यातनंच निघायचा अर्थात, म्हणजे पेशंट गोळी थोडी आणि जाहिरात जास्त विकत घेत होता.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते अमृतधारा. लाहोरचे पंडित ठाकूर दत्त शर्मा, १९०१ पासूनचं औषध, आणि दाव्यांच्या यादीत डोकेदुखीपासनं पटकीपर्यंत काहीच सुटलेलं नाही. याचा घरगुती प्रकार अजून बऱ्याच घरांत करतात, कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंटचं फूल. काष्ठौषधीच्या दुकानात तिन्ही मिळालं, मी काही सांगायच्या आधीच दुकानदारानं ‘अमृतधारा करालाव काय’ म्हणून विचारलं. तिन्ही कोरडे खडे सारख्या मापानं एका छोट्या बाटलीत टाकले, बूच लावलं, हलवत बसलो. ना विस्तव ना पाणी, आणि खडे कडेनं ओले व्हायला लागले, थोड्या वेळात बाटलीत नुसता पातळ रस. कारण साधं आहे, हे पदार्थ एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळायचा बिंदू खाली येतो आणि आपल्या खोलीच्या उष्णतेलाच ते वितळतात. त्या काळी कुणी समोर हे करून दाखवलं असेल तर जाहिरातीची गरजच नाही, माणूस तिथंच खिसा मोकळा करणार. शेजारचं पोरगं बघत होतं, म्हणालं, ‘का बे काका, जादू करालास काय.’ (बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, मी तर नमुना म्हणून चिठ्ठी लावून वरच्या फळीवर ठेवलाय.)

अमृतांजनाचं आपल्या गावाशी थोडं जास्तच जुळतं. काशीनाथुनी नागेश्वरराव, तेलुगू माणूस, पण बाम काढला मुंबईत, १८९३ मध्ये. गाण्याच्या बैठकांत फुकट डब्या वाटायचे असं सांगतात. पुढं १९०८ मध्ये त्यांनी ‘आंध्र पत्रिका’ काढली, तीपण मुंबईतच. म्हणजे बाकीचे पेपरात जागा विकत घेत होते, यांनी पेपरच काढला! पूर्व भागातल्या (आपल्याकडची तेलुगू वस्ती) एका मित्राच्या आईनं मला एक तेलुगू जाहिरात वाचून दाखवली आणि वाचताना मधेच कपाळ चोळायला लागल्या, जाहिरात अजून लागू पडते म्हणायची.

डॉक्टर लोकांबद्दल. ‘तज्ज्ञ’ म्हणून जे जाहिराती देतात, त्यांत एल. एम. अँड एस. (तेव्हाची सरकारमान्य डॉक्टरकीची पदवी) वाले शोधा, कमीच सापडतील. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्यानं डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि नोंदलेल्या डॉक्टरानं स्वतःचा डंका पिटणं धंद्याच्या शिस्तीत बसत नव्हतं, फार तर दवाखाना हलवल्याची दोन ओळींची सूचना. म्हणजे मोठमोठ्या चौकटी उरल्या राजवैद्य, कविराज, अमेरिकन डिग्रीवाले आणि नुसतेच ‘प्रसिद्ध’ यांच्यासाठी. १९१६ मध्ये खोट्या वैद्यकीय पदव्या वाटण्यावर कायदा आला. त्यामुळं बिनतारखेचं कात्रण हातात आलं की नावामागच्या अक्षरांची लांबी मी आधी बघतो, लांबलचक पदव्या असल्या तर बहुधा या कायद्याआधीचं.

तारीख लावायच्या बाकीच्या खुणा पटकन सांगतो, नवीन लोक सारखं विचारतात. प्लेगचं नाव आलं की साधारण १८९६ च्या पुढचं, इन्फ्लुएंझा ठळक आला की १९१८ च्या आसपास बघा. बाटलीवाला कंपनीच्या हिवतापाच्या मिक्श्चरसारखा माल वर्षानुवर्षं तोच, साथ बदलली की मथळा बदलायचा. किंमत नये पैशांत असेल तर १९५७ नंतरची. आणि १९५४ च्या जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानंतर भाषा एकदम मवाळ होते, ‘खात्रीनं बरा’ जाऊन ‘गुणकारी’ येतं. चित्राचा ब्लॉक (छापायचा ठसा) पण बघत जा, तो वर्षानुवर्षं वापरात असायचा, चौकटीला पडलेली चीर वाढत जाते, दोन कात्रणं शेजारी ठेवली की आधीचं कुठलं ते कळतं.

कागदाचं म्हणाल तर पंचांगांची पानं बरी टिकलीत, वर्तमानपत्रं मात्र कडेनं चुरा होतात. लॅमिनेशन करू नका हो, चिकटपट्टीपण नको, साध्या बटर पेपरमधे सपाट ठेवा.

पुढचं काम म्हणजे सोलापुरातल्या एजंटांची यादी, कुठल्या पेठेतलं कुठलं दुकान कुठल्या कंपनीचा माल ठेवायचं. पंचांगांत डोंगरे बालामृत आणि पनवेलच्या धूतपापेश्वरच्या जाहिराती दिसल्यात, आता एजंटांची नावं असलेली पानं हवीत. तर तुमच्याकडे जुनी पंचांगं, दिवाळी अंक असतील तर फोटो पाठवा, पण पूर्ण पानाचा पाठवा. मागच्या वेळी आलेले निम्मे फोटो खालून कापलेले होते, राजवैद्यांच्या मिशा आल्या आणि पत्ता गेला.